सेरोटोनिन गोळीने लगेच वाढतं तर बरं वाटायला महिना का? आणि रिसेप्टरचं सगळं लहानपणीच ठरतं का?

निशिगंध
माझ्या धाकट्या भावाला डिप्रेशनचं निदान झालंय, एसिटॅलोप्रॅम सुरू केलीय. डॉक्टर म्हणाले दोन ते चार आठवडे धीर धरा, लगेच फरक दिसणार नाही. मी झूलॉजीवाली, त्यामुळे रात्री वाचत बसले आणि डोकं अजूनच गरगरायला लागलं. गोळी तर म्हणे काही तासांतच सेरोटोनिन (मेंदूच्या पेशींमधे निरोप नेणारं रसायन) परत शोषलं जाणं थांबवते, मग इतके आठवडे मधे होतं काय? आणि दुसरं, उंदरांवरच्या एका प्रयोगाबद्दल वाचलं की सेरोटोनिनचा एक रिसेप्टर (म्हणजे त्याचा निरोप पकडणारा पेशीवरचा रेणू) पिल्लू असताना नसेल तर तो उंदीर जन्मभर घाबरट राहतो, नंतर रिसेप्टर परत दिला तरी. म्हणजे माझ्या भावाचं जे काय व्हायचं ते आईच्या मांडीवर असतानाच ठरलं का? मग गोळीचा उपयोग काय? कोणी नीट समजावून सांगेल का, व्हॉट्सअॅपवरचे केळी खा वगैरे नको प्लीज.

आंबेमोहोर
निशिगंध, आधी पहिला प्रश्न. सेरोटोनिनचे रिसेप्टर एक नाही, १४ च्या आसपास प्रकार आहेत, सात कुळांत विभागलेले. त्यातला ५-एचटी१ए (५-एचटी हे सेरोटोनिनचंच दुसरं नाव) दोन जागी बसतो आणि दोन्हीकडे कामं वेगळी. एक म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागात, हिप्पोकॅम्पस वगैरे, जिथे तो सेरोटोनिनचा निरोप घेतो. दुसरं म्हणजे खाली ब्रेनस्टेममधे राफे नावाच्या भागात, खुद्द सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशींवर. तिथे तो टाकीतल्या बॉलकॉकसारखा वागतो, आजूबाजूला सेरोटोनिन वाढलं की पेशीलाच गप्प करतो. त्यामुळे गोळी सुरू झाली की पहिले काही दिवस हा ब्रेक लागतो, आणि मग दोनेक आठवड्यांत हे राफेतले रिसेप्टर हळूहळू सुस्तावतात, ब्रेक सैल होतो. उशीर होण्यामागचं हे एक कारण, एकमेव नाही, कारण पेशींची नवी जोडणी व्हायलाही वेळ लागतोच.

आता तो उंदरांचा प्रयोग. न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीत रेने हेन यांच्या लॅबचा, २००२ सालचा. त्यांनी असे उंदीर बनवले की ज्यांच्यात ५-एचटी१ए फक्त पुढच्या मेंदूत असेल आणि खाण्यातून डॉक्सीसायक्लिन दिलं (हो, आपल्याकडे अँटिबायोटिक म्हणून देतात तेच) की तो बंद होईल. मग उपाशी उंदराला उजेडाच्या मोकळ्या खोक्यात सोडायचं, मधोमध खाणं ठेवायचं आणि तो भिंत सोडून तिथवर जायला किती वेळ घेतो ते मोजायचं. मोठेपणी रिसेप्टर बंद केला तर काही बिघडलं नाही, उंदीर नॉर्मल. पण जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत बंद ठेवून मोठेपणी चालू केला तर तो घाबरटच राहिला. म्हणजे तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे, फक्त हा भीतीचा, अँक्झायटीचा प्रयोग आहे, डिप्रेशनचा नाही. आणि त्यात रिसेप्टर पूर्ण काढलेला होता, माणसात असं सहसा नसतं.

काजवा
मला यातली जी गोष्ट सगळ्यात भारी वाटते ती म्हणजे सेरोटोनिन मूडचं काम करायच्या कितीतरी आधी मेंदू बांधायचं काम करतं. उंदराच्या मेंदूत प्रत्येक मिशीसाठी पेशींचा वेगळा गोल पुंजका असतो, ओळीने मांडलेले, मायक्रोस्कोपखाली अगदी मोजता येतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात दाखवलं की सेरोटोनिन मोडणारं एमएओ-ए हे एन्झाइम नसेल तर पिल्लात सेरोटोनिन खूप वाढतं आणि हे पुंजके बनतच नाहीत. पहिल्या चारेक दिवसांत सेरोटोनिन कमी केलं तर बनतात, नंतर कमी करून उपयोग नाही. आणि पुढे कळलं की त्याच उंदरांतून ५-एचटी१बी रिसेप्टरही काढला तर पुंजके परत दिसतात! म्हणजे जास्त झालेलं सेरोटोनिन या रिसेप्टरमार्फतच गोंधळ घालत होतं. कमी वाईट आणि जास्त चांगलं असं सरळ गणित नाहीच.

आणि निशिगंध, लहानपणीच ठरतं का म्हणालात ना, आपल्या मुंबईत कुलाब्याला टीआयएफआर या संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांची लॅब यावरच काम करते. उंदराच्या पिल्लांना पहिले दोन आठवडे रोज तीन तास आईपासून लांब ठेवलं की ती मोठेपणी अँक्शस होतात. २०११ मधे त्यांनी दाखवलं की त्याच दिवसांत ५-एचटी२ रिसेप्टर अडवणारं केटॅनसेरिन दिलं तर ती भीती पुढे येतच नाही. मला यात आशा दिसते हो, त्या काळात जशी इजा होते तसं त्याच काळात वाचवताही येतं.

बोरीबंदर
एवढं सगळं वाचलं, पण २०२२ मधे लंडनच्या सायकियाट्रिस्ट जोआना मॉन्क्रीफ यांचा रिव्ह्यू (आधीच्या अभ्यासांचा एकत्र आढावा) आला ना की डिप्रेशन आणि सेरोटोनिनचा संबंधच नाही? मग या रिसेप्टरच्या गोष्टींना अर्थ काय उरतो?

आंबेमोहोर
त्या रिव्ह्यूने तपासलं होतं की डिप्रेशनच्या पेशंटमधे सेरोटोनिन कमी असतं याला ठोस पुरावा आहे का, आणि उत्तर आलं सातत्याने नाही. ते मला पटतं, 'केमिकल कमी पडलं' हे अतिसोपं करून लोकांना सांगितलं गेलं. पण औषधं चालतात की नाही हा त्या रिव्ह्यूचा प्रश्नच नव्हता. आणि काजवाने लिहिलंय ते तर किती आहे यापेक्षा कधी, कुठे आणि कोणत्या रिसेप्टरवर याबद्दल आहे.

ओंजळ
मी हे वाचून घाबरलेय. मी सहा महिन्यांची प्रेग्नंट आहे आणि सर्ट्रालिन (एसिटॅलोप्रॅमसारखीच गोळी) चालू आहे. पिल्लात सेरोटोनिन वाढलं तर मेंदूच्या जोडणीवर परिणाम होतो म्हणता, मग मी माझ्या बाळाचं नुकसान करतेय का?

रानजाई
ओंजळ, मी सायकियाट्रीत काम करते म्हणून लिहितेय. उंदराच्या पिल्लांना फ्लुओक्सेटिन (त्याच गटातलं औषध) दिल्यावर मोठेपणी वागणूक बदलते असे प्रयोग आहेत, २००४ चा एक खूप गाजला, पण ती पिल्लं निरोगी आयांची होती. तुमच्या बाबतीत दुसऱ्या पारड्यात तुमचा आजार आहे आणि औषधाविना राहिलेलं डिप्रेशन बाळालाही सोसावं लागतं, झोप नाही, खाणं नाही, वेळेआधी डिलिव्हरीची शक्यता. माणसांतल्या अभ्यासांत औषधाचा परिणाम आणि आईच्या आजाराचा परिणाम वेगळा काढणं फार अवघड जातं, म्हणून उंदरांवरून थेट निष्कर्ष काढू नका. जन्मानंतर काही बाळं थोडे दिवस किरकिरी, थरथरी असतात, डॉक्टरांना आधी सांगून ठेवलं की ते लक्ष ठेवतात. गोळी स्वतःहून बंद करू नका, तुमच्या सायकियाट्रिस्ट आणि गायनॅक दोघांना हा प्रश्न जसाच्या तसा विचारा.

आणि निशिगंध, भाऊ पंचविशीच्या आतला असेल तर पहिले काही आठवडे जास्त लक्ष द्या. बेचैनी फार वाढली, झोप उडाली किंवा मरणाबद्दल बोलायला लागला तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. ते मिळाले नाहीत तर सरकारची टेलीमानस लाइन आहे, १४४१६, रात्री-अपरात्रीही चालू असते आणि मराठीत बोलता येतं. तो तातडीच्या धोक्यात वाटला तर मात्र फोनवर थांबू नका, जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत घेऊन जा.