श्रेय किरणांचं की चाळणीचं? डॅन लुईस आणि एकटीच फळणारी चेरी

परागनलिका (धागाकर्ता)

गोड चेरीचं 'स्टेला' हे वाण १९६८ साली कॅनडातल्या समरलँडहून बाहेर पडलं. आधीच्या वाणांना शेजारी दुसऱ्या गटाचं झाड लागायचं. स्टेला एकटीच फळते. तिचा हा गुण आला इंग्लंडमधल्या जॉन इन्स संस्थेत आनुवंशशास्त्रज्ञ डॅन लुईस यांनी क्ष-किरण देऊन मिळवलेल्या रोपातून, 'जेआय २४२०' मधून. म्हणून उत्परिवर्तन पैदाशीचं (जनुकांत मुद्दाम बदल घडवून वाण काढण्याचं) उदाहरण द्यायचं झालं की स्टेलाचं नाव हमखास निघतं. माझं म्हणणं, हे श्रेय चुकीच्या खात्यात जमा होतंय.

चेरीच्या कुक्षीवृंतात (फुलातल्या ज्या देठातून परागाची नलिका खाली उतरते त्यात) एस-आरएनेझ नावाचं विकर असतं. परागकणाचा एस-अ‍ॅलील (एस जनुकाचं एक रूप, एस३, एस४ असं; कणात एक, झाडात दोन) झाडाच्या दोनपैकी एकाशी जुळला, की त्याची नलिका अर्ध्या वाटेत थांबते. लुईस यांनी 'नेपोलियन' वाणाच्या (एस३एस४) कळ्यांना, आत पराग-मातृपेशी असतानाच, क्ष-किरण दिले आणि तो पराग 'एम्परर फ्रान्सिस'वर टाकला. तेही एस३एस४. म्हणजे साधा पराग पडला तर फळ शून्य. ज्या एखाद्या कणात बिघाड झाला असेल तोच खाली पोचणार. लाखो कण झाडानेच चाळले, माणसाने फक्त फळं मोजली.

किरणांनी काय केलं? मोडतोड. पुढे रेणूपातळीवर तपासलं तेव्हा एस४' मध्ये (बदललेल्या एस४ मध्ये) परागाची ओळख ठरवणाऱ्या, परागाकडच्या एसएफबी जनुकातली डीएनएची चार अक्षरं गळालेली सापडली. वाचन सरकतं, प्रथिन अर्धवट राहतं. दुसऱ्या रोपात, 'जेआय २४३४' मध्ये, एस३ चं एसएफबी अख्खंच गायब. ईनोथेरा ऑर्गनेन्सिसवर लुईस यांनी हेच केलं. न्यू मेक्सिकोतल्या ऑर्गन पर्वतातली ही वनस्पती. जंगलात रोपं जेमतेम काहीशे, पण आनुवंशशास्त्रज्ञ एमर्सन यांनी त्यांत ४५ एस-अ‍ॅलील मोजले होते. निसर्गात इतके नवे अ‍ॅलील झाले, आणि क्ष-किरणांखाली? एकही नाही. जे मिळाले ते सगळे बिघाड.

---

एम२_ओळ

चाळणीचं कौतुक मान्य, पण चाळणीत घालायला काहीतरी लागतं ना. शिवाय 'मोडतोड' हा शब्द तुम्ही शिवीसारखा वापरताय. पैदासकाराला हवं असलेलं निम्मं सामान मोडतोडीतूनच येतं: बुटकेपणा, लवकर फुलणं, शेंग न फुटणं.

तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातला भुईमूग बघा. तिथे कुक्षीची चाळणी नाहीच, भुईमूग स्वतःच्याच परागाने फळतो. बियाण्याला साधारण २०० ते ३०० ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) गॅमा द्यायचा (आधी थोड्या बियांवर चढत्या मात्रा देऊन रोपांची वाढ कुठे निम्म्यावर येते ते बघायचं), एम१ चं (किरण दिलेल्या बियांतून उगवलेल्या पिढीचं) प्रत्येक झाड वेगळं काढायचं आणि एम२ च्या (त्यापुढच्या पिढीच्या) ओळी डोळ्यांनी तपासायच्या. अप्रभावी गुण (जनुकाच्या दोन्ही प्रती बदलल्या तरच दिसणारा) तिथे दिसतो. तोही हिशेबाने चौथ्या हिश्शात नाही, कमीच. कारण किरण बसले तेव्हा बीजात पेशी अनेक होत्या आणि बदललेली पेशी झाडाच्या एखाद्याच फांदीत गेली. वर भुईमूग चतुर्गुणित, म्हणजे गुणसूत्रांचे चार संच. एक प्रत बिघडली तर दुसरी झाकून घेते. एवढं असूनही त्या कार्यक्रमातून टीएजी २४ सारखी वाणं आली आणि महाराष्ट्रात उन्हाळी भुईमुगात रुजली.

---

परागनलिका

टीएजी २४ थेट किरणातून आलेलं नाही, संकरातून निवडलेलं आहे. संकराचे आईबाप तुर्भ्याच्या उत्परिवर्तित घराण्यातले, एवढंच. तुम्हीच सांगताय की हजारो ओळी डोळ्यांनी बघाव्या लागतात. तिथेही चाळणी आहेच, फक्त ती माणसाची आणि महागाची.

---

तुकडा

"सगळे बिघाड" हे मात्र खरं नाही. १९६० साली ब्रूबेकर आणि नटराजन यांनी पिटुनियातली असलीच परागाकडची उत्परिवर्तनं गुणसूत्रं मोजून तपासली. त्यांत सेंट्रोमिअर (पेशी विभागताना गुणसूत्र जिथून ओढलं जातं ती जागा) असलेला गुणसूत्राचा जादा तुकडा सापडला आणि त्या तुकड्यावर दुसरा एस-अ‍ॅलील. कणात दोन वेगळे एस आले की दोघांच्या स्पर्धेत अडवणूक ढिली पडते आणि नलिका पार होते. मोडलं काहीच नाही, उलट भर पडली. चतुर्गुणित पेअर स्वतःच्या परागाने का फळतो, त्याचं उत्तरही हेच, आणि ते काम खुद्द लुईस यांचंच. तेव्हा जनुक फुटलं की दुप्पट झालं हे गुणसूत्रं न बघता ठरवू नका.

---

परागनलिका

बरोबर, पण पिटुनियाचा नियम चेरीला लागत नाही. पिटुनियात परागाकडे एसएलएफ जनुकांचा जत्था असतो आणि ती सगळी मिळून परकं आरएनेझ निकामी करतात. एखादं मोडून पराग मोकळा होत नाही, म्हणून तिथे भर पडलेलेच हाती लागतात. चेरीच्या कुळात एसएफबी गेलं की वाट मोकळी. आंबट चेरी तर चतुर्गुणित, तिच्या कणात दोन एस येतात, तरी त्यातला एक धड असून कुक्षीशी जुळला की नलिका अडते. म्हणजे चेरीत मोडण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. आणि जादा तुकड्यावरचा एस जुनाच ना? नवा अ‍ॅलील अजूनही शून्य.

---

कलमबहाद्दर

वाद चालू द्या, पण संकर करणाऱ्याचा यातला खड्डा कुणी सांगितला नाही. एस४' फक्त परागाकडून मोडलेला आहे, कुक्षीवृंतातलं एस४ आरएनेझ शाबूत आहे. म्हणून स्टेला (एस३एस४') आई आणि 'बिंग' (एस३एस४) बाप केलात तर एस३ पण अडतो, एस४ पण अडतो. फुलं हजार, संकराचं फळ नाही. वर जी फळं दिसतील ती स्टेलाच्या स्वतःच्या परागाची, आणि नवखा त्यांनाच संकर समजून रोपं लावतो. उलट करा. 'लॅम्बर्ट' (एस३एस४) आई आणि 'जेआय २४२०' बाप, असा तर स्टेलाचाच जन्म. तिथे फक्त एस४' पार होतो, म्हणजे झाडून सगळी रोपं स्वफलनशील. 'व्हॅन' (एस१एस३) आई आणि स्टेला बाप करून 'लॅपिन्स' काढलं, तिथेही तेच गणित.

स्टेलाच आई हवी असेल तर कळी फुगून पांढरी दिसायला लागली की परागकोष चिमट्याने काढायचे आणि पिशवी बांधायची. जुन्या वाणांत हा व्याप नव्हता, नुसती पिशवी पुरायची.

लुईस यांच्या प्रयोगातला धोकाही पिशवीचाच. एक मधमाशी आत शिरली की परका पराग, आणि फळ लागलं म्हणून तुम्ही खूश. रोपात एस३-एस४ सोडून तिसरा अ‍ॅलील दिसला की ते रोप बाद.

---

एम२_ओळ

हे सगळं मान्य करूनही विचारतो, किरण दिलेच नसते तर? चाळणी तीच, मातृवृक्ष तेच.

---

परागनलिका

तर वेळ लागला असता. आपोआप होणारे बिघाडही चाळणीतून येतात. सिसिलीतली 'क्रोनिओ' (एस५') आणि स्पेनमधली 'क्रिस्टोबालिना' किरणांशिवायच स्वफलनशील आहेत. क्रिस्टोबालिनातला बदल तर एस-जनुकाच्या जागी नाहीच, दुसरीकडेच आहे. किरणांनी घाई केली, एवढं श्रेय देतो.

---

कलमबहाद्दर

घाई हीच तर किंमत आहे राव. चाळणी नसलेल्या गुणाचं बघा. समरलँडलाच पैदासकार लॅपिन्स यांनी लॅम्बर्टच्या काड्यांना किरण देऊन 'कॉम्पॅक्ट लॅम्बर्ट' काढलं, १९६४ साली. बुटकं झाड कुठली कुक्षी निवडून देणार? काडीला किरण दिले की तिच्यावरच्या डोळ्यात (अंकुरात) बदललेल्या आणि न बदललेल्या पेशींची खिचडी होते. फुटवा मागे छाटायचा, खालच्या डोळ्यांवरून पुन्हा कलम, पुन्हा छाटणी, असे दोन-तीन फेरे झाल्याशिवाय एकजिनसी फांदी मिळत नाही. घाई करून पहिल्याच फुटव्यावर विश्वास ठेवला तर चौथ्या वर्षी झाड मूळ उंचीला जातं.

---

तुकडा

आणि 'एकटीच फळते' म्हणून मधमाश्यांच्या पेट्या कमी करणारे बागायतदारही आहेत. पराग स्वतःचा चालतो, स्वतः चालत जात नाही. आता परागदात्या झाडांची जागा वाचते (पूर्वी दर तिसऱ्या ओळीत दर तिसरं झाड, म्हणजे नवात एक), पण लॅपिन्स बुटक्या खुंटावर इतकं फळतं की छाटणी हलकी ठेवली तर फळ बारीक पडतं. तो बिघाड कुणाच्या खात्यात टाकणार, किरणांच्या की चाळणीच्या?

---

परागनलिका

छाटणी करणाऱ्याच्या.