लॉगिन केल्या केल्या अपडेटची पाटी तोंडावर आणायची का?

डिस्पॅच_काउंटर:
काल एकाने लिहिलं की ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये लॉगिन झालं की अपडेटची सूचना पूर्ण स्क्रीनभर यावी आणि 'वाचलं' दाबल्याशिवाय पुढे जाताच येऊ नये, कारण "युजर आळशी असतात". हे आळशी डोक्यात गेलं म्हणून एवढं लिहितेय. बारा वर्षं डिस्पॅचला आहे मी. गाडी भरून उभी असते, ड्रायव्हर खिडकीतून हात घालून चलन मागतोय, मागच्या गाडीवाला हॉर्न मारतोय, आणि मी पासवर्ड टाकते तर समोर 'नवीन काय आहे', सात पानं, पुढे पुढे पुढे. पहिल्या पानावर नवे रंग, दुसऱ्यावर डॅशबोर्ड जो मी कधी उघडतच नाही, आणि सहाव्या पानावर खाली एक ओळ की वजनाचा रकाना आता किलोऐवजी टनात धरला जाईल. ती ओळ राहिली. त्या दिवशी अकरा चलनं चुकीची गेली आणि वरून ऐकून घेतलं की "सूचना दिली होती, तुम्ही वाचलं दाबलंय, आमच्याकडे नोंद आहे". अहो मी लॉगिन करते ते काम उरकायला. वजनाचा रकाना बदललाय तर त्या रकान्याशेजारी सांगा ना!

सपोर्टवाला:
ताई, अकरा चलनांचं वाईट वाटलं, पण आमची बाजूही ऐका. मेल पाठवला तर कोणी उघडत नाही, वर कोपऱ्यात घंटी दिली तर तिच्यावरचा आकडा वाढत जातो आणि कोणी दाबत नाही. मग अपडेटच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसं उघडली की फोन सुरू, "बटण कुठे गेलं", आणि तेच वाक्य संध्याकाळपर्यंत साठ जणांना सांगायचं. आणि सिक्युरिटीचं काय करायचं? वॉनाक्राय, तो फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, पसरला १२ मे २०१७ ला, आणि मायक्रोसॉफ्टने विंडोजचा पॅच, म्हणजे ती फट बुजवणारं अपडेट, दिलं होतं १४ मार्चलाच. दोन महिने मशिनं तशीच राहिली आणि ब्रिटनमधल्या हॉस्पिटलांना पेशंटच्या अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या. कधीकधी माणसाला अडवावंच लागतं.

खातेवही:
वॉनाक्राय मध्ये आणू नका हो. तो पॅच लावायचा आयटीने, मला ऍडमिन राइट्सच नाहीत, मला अडवून मशीन सुरक्षित होणार आहे का? आणि वर्षं काढायचीच तर त्याच २०१७ च्या जूनमध्ये नॉटपेट्या हा तसलाच दुसरा व्हायरस कशातून पसरला, युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच ना. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीच्या एका खराब अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशिनं बसवली, तिथे तर लॉगिनपर्यंत पोचणंच बंद झालं. दुसरं म्हणजे आम्ही अकाउंट्सवाले माउसला हात लावत नाही. पासवर्ड, एंटर, कंपनी निवडा, एंटर. तुमची पाटी त्या दोन एंटरच्या मधे येते आणि दुसऱ्या एंटरला 'वाचलं' होऊन निघूनही जाते. मी पाहिलेलं असतं फक्त काहीतरी निळं चमकून गेलं. आणि त्याची तुम्ही नोंद ठेवता!

सपोर्टवाला:
एंटरचा मुद्दा मान्य. ते बटण आपोआप निवडलेलं नको, हे डेव्हलपरना सांगतो. बाकी काही मान्य नाही.

रात्रपाळी:
तुम्ही सगळे पाटी दिसते हे धरून बोलताय, आम्हाला ती दिसतच नाही. गोडाउनला सहा जणांत एक आयडी आहे. सकाळी जो पहिला येतो तो वाचलं दाबतो, सर्व्हरला वाटतं त्या युजरने वाचलं, संपलं. रात्री दहाला मी बसतो तेव्हा स्क्रीन बदललेली असते आणि विचारायला कोणी नसतं. एकदा रात्री दोनला सर्व्हर मेंटेनन्सला बंद झाला, सूचना तीन दिवस आधी येऊन गेली होती म्हणे, सकाळच्या माणसाला. अर्धी भरलेली स्टॉकची यादी गेली, पहाटे पाचपर्यंत पुन्हा मोजत होतो.

सपोर्टवाला:
सहा जणांत एक आयडी?? आणि मग म्हणायचं सॉफ्टवेअर वाईट. हा नियमच मोडताय तुम्ही.

रात्रपाळी:
मी मोडतोय? लायसन्स माणशी विकता तुम्ही. मालक एक घेतो, मी माझ्या पगारातून घेऊ का? मला नियम शिकवायच्या आधी मालकाला फोन लावा.

खातेवही:
शेअर्ड आयडीवर मात्र मी सपोर्टवाल्याच्या बाजूने. आमच्याकडे कोणीतरी चार व्हाउचर उडवली, लॉगमध्ये नाव एकच, 'अकाउंट१'. ती आयडी वापरणारे आम्ही तिघं. महिनाभर तिघंही एकमेकांकडे संशयाने बघत होतो, त्यातली एक शेवटी नोकरी सोडून गेली. तिने काही केलं नव्हतं असं मला आजही वाटतं. त्यामुळे रात्रपाळी, राग येऊ दे, पण स्वतःची आयडी मागाच.

रात्रपाळी:
दोनदा मागितली. तुम्हाला मागून मिळाली असेल.

डिस्पॅच_काउंटर:
आता लिहावंच लागेल. आमच्या काउंटरलाही दोघींत एक आयडी आहे. ते 'वाचलं' मी दाबलं की तिने, मला खरंच सांगता येणार नाही. पण मग तुमची ती नोंद कुणाला दोषी धरायला वापरता येत नाही, हेही माना.

कानाने_वाचणारा:
एक राहतंय. मी स्क्रीनरीडरवर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून ऐकवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, काम करतो. अशी पाटी आली की काही वेळा कीबोर्ड तिच्यात अडकतो, बंद करायचं बटण सापडतच नाही, शेजारच्याला हाक मारावी लागते. कीबोर्डने आत जाता आलं तर बाहेरही पडता यावं हा वेब ऍक्सेसिबिलिटीचा अगदी प्राथमिक नियम आहे. ज्यांना पाटी हवीच आहे त्यांनी आधी माउस काढून ती बंद करून दाखवावी.

सपोर्टवाला:
ठीक आहे. रंग, डॅशबोर्ड वगैरे लॉगिनवर नको, मी मागे घेतो. एकक बदललं, टॅक्सचा हिशोब बदलला तर त्या रकान्यापाशी, आणि निदान आठवडाभर राहू दे, एकदा दाबून जायला नको. पण सर्व्हर बंद राहणार असेल तर पाटी लॉगिनलाच येणार, त्यावर मी हटणार नाही. त्याला दुसरी जागा नाही.

रात्रपाळी:
येऊ दे की. फक्त कोणीही वाचलं दाबलं तरी सर्व्हर बंद होईपर्यंत ती जाऊ देऊ नका. वर एक पट्टी ठेवा, काम अडवू नका, आणि बंद व्हायच्या अर्धा तास आधी पुन्हा सांगा. त्या वेळी खुर्चीत जो असेल त्याला.

सपोर्टवाला:
हे करता येईल. पुढचा मेंटेनन्स शनिवारी रात्री आहे, तोवर ती पट्टी लागते का बघतो.

रात्रपाळी:
शनिवारी मीच आहे.