रेताड जमिनीत लाकूड पुरून वाफा: चर की ढीग?

रेताड_माळ:
जमीन निव्वळ वाळू. ओली करून मूठ आवळली तरी ढेकूळ धरत नाही, घातलेलं पाणी बघता बघता गडप. १.२ मीटर रुंद, ३ मीटर लांब वाफ्यात लाकूड पुरून भाजीपाला घ्यायचा आहे. छाटणीचं ताजं लाकूड भरपूर आहे, कुजके ओंडके थोडे. जमिनीवर ढीग रचू की खाली पुरू? खत किती लागेल?

ओलधरू:
खालीच पुरा. उंच ढीग थंड, ओलसर हवेत ठीक. वाळूत त्याला चारी बाजूंनी वारा लागतो आणि तो आतून कोरडा पडतो.

चर ५० सेंमी खोल घ्या. वरची १५ सेंमी माती वेगळी काढून ठेवा, तेवढ्यातच काय ते सेंद्रिय असतं. कुजके ओंडके दोन दिवस पाण्यात बुडवून तळाशी आडवे, शक्य तितके लगटून लावा. ताजे जाड तुकडे त्यांच्यातच मिसळा, फांद्या वर. लाकडाचा थर २५-३० सेंमी पुरे. आता महत्त्वाचं: प्रत्येक थरावर वाळू पसरून पाइपने पाणी सोडा, म्हणजे ती फटींत उतरते. फटी राहिल्या तर मुळं हवेत लोंबकळतात, वाफा एका बाजूला खचतो आणि उंदरांना आयती बिळं मिळतात. त्यावर हिरवा पाला, शेणखत, मग वेगळी ठेवलेली माती कंपोस्ट मिसळून. ५ सेंमी कंपोस्ट म्हणजे तुमच्या वाफ्याला १८० लिटर, साधारण १२ घमेली. वाफा जमिनीपेक्षा २० सेंमी वर ठेवा, खचणार आहेच.

पहिल्या वर्षी पाणी वाचेल ही आशा सोडा. ताजं लाकूड पाणी सावकाश पितं; स्पंजासारखं काम ते कुजल्यावरच करतं.

नत्रवाला:
लाकूड मातीतलं नत्र (नायट्रोजन) ओढून घेतं म्हणून लोक ओंडक्यांना घाबरतात. खरा चोर लाकडाचा भुसा आणि बारीक ढलप्या. भुशात नत्राच्या एका भागाला कर्बाचे (कार्बनचे) ४०० किंवा त्याहून जास्त भाग असतात, आणि पृष्ठभाग मोठा असल्याने जिवाणू त्यावर तुटून पडतात. नत्र मग आजूबाजूच्या मातीतून उचलतात. जाड ओंडका बाहेरून हळूहळू कुजतो, तोही मुळांच्या खाली. तेव्हा भुसा वरच्या ३० सेंमीत मिसळू नका, आच्छादन म्हणून वर टाकलात तर चालेल.

जुनी पानं आधी पिवळी पडू लागली तर नत्र कमी पडतंय. वाळूत एकदम दिलेलं खत पाण्याबरोबर खाली निघून जातं. पेंडीचं पाणी थोडं थोडं, दर आठ-दहा दिवसांनी द्या. पहिल्या हंगामात चवळी, घेवडा, भोपळा. मुळा-गाजर नको, ती लाकडाला अडून वाकडी होतात.

रेताड_माळ:
चर खणताना कडा ढासळतात. आणि तळाला प्लास्टिक घातलं तर पाणी टिकेल का?

ओलधरू:
आदल्या दिवशी जागा भिजवा आणि कडा उभ्या न ठेवता उतरत्या खणा. प्लास्टिक अजिबात नको. पाणी तुंबून लाकूड हवेविना सडतं, वास येतो, मुळं गुदमरतात. त्यापेक्षा चिकणमाती मिळाली तर वरच्या थरात मिसळा. तळाशी थर म्हणून नको.

वाळवीचं_काय:
कोणतं लाकूड टाळायचं ते राहिलं. रंगवलेलं, रसायन लावलेलं, प्लायवूड: बाहेरच. निलगिरी ताजी असेल तर नको, तिच्यातली द्रव्यं रोपांची वाढ रोखतात. सागाचा गाभा वर्षानुवर्षं कुजत नाही, जागा फुकट जाते. शेवगा, गिरिपुष्प, पांगारा यांच्या ताज्या फांद्या पुरल्या तर वाफ्यातून कोंब येतील. आधी पूर्ण वाळवा.

वाळवी येईल. मेलेलं लाकूड खाणं तिचं कामच, त्या वाफ्यात ती चालते. पण वाफा घराच्या भिंतीला किंवा लाकडी खांबाला लागून करू नका, आणि आच्छादन रोपांच्या खोडापासून चार बोटं लांब ठेवा.