मदत हवी आहे: लांबच्या विमानप्रवासानंतर ह्यांचा डावा पाय सुजलाय

मंडळी, रात्रीचे अडीच वाजलेत आणि गुहागरच्या घरात आम्ही दोघं टक्क जागे आहोत. हे पडवीत झोपाळ्यावर, मी माजघरात फोन घेऊन. न्यू जर्सीत आत्ता दुपारचे चार वाजले असतील. शरीर अजून तिकडचंच घड्याळ धरून बसलंय.

लेकीच्या बाळंतपणासाठी पाच महिने तिकडे होतो. येताना दुबईला तीन तास थांबून काल पहाटे मुंबईत उतरलो, आणि तिथून तसेच गाडीने गुहागरला. रस्त्यात फक्त एकदा चहाला उतरलो. म्हणजे सगळे मिळून चोवीस तासांच्या वर बसूनच. मुंबईत भाच्याकडे एक रात्र थांबूया असं मी म्हणत होते, पण ह्यांना कधी एकदा आपल्या बावीचं पाणी पितो असं झालं होतं. मलाही झालं होतं, खोटं कशाला सांगू.

दुपारी एकला पोचलो. शेजारच्या काकूंनी पेज आणि मेतकूट आणून ठेवलं होतं. ते खाल्लं आणि दोनला जे आडवे झालो ते थेट रात्री आठला उठलो. तेव्हा ह्यांनी मोजे काढले आणि मी बघतच राहिले. मोज्याच्या इलास्टिकचा वळ दोन्ही पायांवर होता, पण डाव्या पायावर तो चांगलाच रुतला होता. नडगीवर अंगठा दाबला तर खड्डा पडला, आणि तो भरून यायला वेळ लागला. पोटरी जराशी दुखतेय म्हणतात. ताप नाही, धाप नाही.

ह्यांचं वय ६८. रक्तदाबासाठी अमलोडिपिन घेतात, रोज सकाळी एक. निघायच्या दिवशी तिकडे सकाळी आठला घेतली होती, मग प्रवासात राहूनच गेली, काल घरी आल्यावर मी दिली. आता पुढची कधी द्यायची? काकू म्हणतात खोबरेल कोमट करून पाय चोळ. चोळू का? आणि ही झोप परत जागेवर कशी आणायची? कुणीतरी लवकर सांगा, मला फार काळजी वाटतेय.

प्रतिसाद:
ताई, मी फिजिशियन आहे. आधी एक ऐका, पोटरी अजिबात चोळू नका. इतका वेळ पाय लोंबकळत ठेवून बसलं की दोन्ही पायांवर सूज येतेच, शिवाय अमलोडिपिननेही घोट्याशी येते. पण एका पायाला जास्त सूज आणि वर दुखणं, म्हणजे शिरेत गुठळी झालीय का ते बघावंच लागतं. टेप आहे घरात? गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा उंचवटा लागतो, तिथून दहा सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा. तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर शंका वाढते. धाप लागली, छातीत दुखलं किंवा खोकल्यातून रक्त आलं तर सकाळची वाट बघू नका, लगेच १०८ ला फोन करा. गोळी आता इथल्या सकाळी, नाश्त्यानंतर. राहिलेली भरून काढायला दोन देऊ नका.

धागाकर्ती:
शिवणाच्या डब्यातला टेप काढून मोजलं. उजवी साडेचौतीस, डावी साडेछत्तीस. दोनदा मोजलं. आता उशी देऊन पाय वर ठेवायला लावलेत.

प्रतिसाद:
तीनच्या आत आहे म्हणून गाफील राहू नका. सकाळी उजाडताच चिपळूणला नेऊन पायाची डॉप्लर सोनोग्राफी करून घ्या, शिरेत गुठळी आहे का ते त्यात दिसतं. गाडीत मागच्या सीटवर पाय लांब करून बसवा.

प्रतिसाद:
झोपेबद्दल माझा अनुभव सांगते. माझे आईवडील दर दोन वर्षांनी जाऊन येतात. तिकडून इकडे येताना, म्हणजे पूर्वेकडे, जास्त त्रास होतो. दिवसाला साधारण एक तास असं शरीर सरकतं, तेव्हा दहा-साडेदहा तासांच्या फरकाला आठवडा-दीड आठवडा धरूनच चाला. दुपारी अर्ध्या तासाचा गजर लावून झोपा, तेही तीनच्या आत. दिवसा माजघरातल्या अंधारात बसू नका, खळ्यात, वाडीत उजेडात राहा. आणि रात्री जाग आली तरी जेवू नका, पोटालाही वेळ कळावी लागते.

धागाकर्ती:
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. आत्ताच जरा टेकलेय म्हणून लिहिते. चिपळूणला डॉप्लर झाली, गुठळी नाही. रिपोर्ट हातात पडेपर्यंत मी एक शब्द बोलले नव्हते, नंतर दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले. सूज बसून राहिल्याची आणि थोडी गोळीची, असं डॉक्टर म्हणाले. आठ दिवसांनी परत बघणार आहेत, गोळी बदलायची का ते तेव्हा. मोजे मात्र तसले घट्ट घालायचे नाहीत.

येताना गाडीत पाय लांब करून हे डुलक्या काढत होते. मी शृंगारतळीपर्यंत बोलून बोलून जागं ठेवलं. संध्याकाळी समुद्रावर जाऊन सूर्य बुडेपर्यंत ओल्या वाळूत हळूहळू चाललो.

आता साडेसात वाजलेत आणि ह्यांना पुन्हा पेंग येतेय. नऊपर्यंत जागं ठेवायचंय. काकूंनी मोड आलेले कडवे वाल दिलेत, ते पुढ्यात ठेवलेत. पाय स्टुलावर आणि हातात वाल, असे सोलत बसलेत. साडेआठला बाळाचा व्हिडिओ कॉल येईल, तोवर निभेल बहुतेक.