मदत हवी आहे: ४ नंबरच्या मशीनला कंडक्टिव्हिटीचा अलार्म, सर्व्हिसवाला म्हणतो बोर्ड गेला

सहा_मशीन
नमस्कार मंडळी, मी सिंहगड रोडला एका छोट्या ट्रस्टच्या डायलिसिस सेंटरला टेक्निशियन आहे, सहा मशीन, तीन शिफ्ट, रविवार बंद. मशीन नऊ वर्षं जुनी. एएमसी (वर्षभराच्या देखभालीचा करार) मार्चला संपली ती ट्रस्टने रिन्यूच केली नाही ("चालतायत ना मशीन, मग?") त्यामुळे पीएम (ठरलेली नियमित देखभाल) झालेलं नाही आणि आता जे काय होतंय ते आम्हीच निस्तरतोय.

तर ४ नंबरला कंडक्टिव्हिटी (डायलायसेटमध्ये, म्हणजे रक्त साफ करणाऱ्या द्रावणात, क्षार किती ते दाखवणारा आकडा) लो येतंय. १४.० ला सेट असतं, चालू केलं की १३.४, १३.३ असं घसरत जातं, मशीन बायपासला जातं (द्रावण पेशंटच्या बाजूला सोडणं थांबवतं), मग आम्ही बायकार्बचा (सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणाचा) कॅन बदला, नळी हलवा, रिन्स मारा (पाण्याने आतून धुवा) असं करत बसतो आणि तास-दीड तासाने आपोआप जाग्यावर येतं. तोवर पहाटे उठून खानापूरहून आलेले आजोबा बेडवर पडून छताकडे बघत असतात आणि आमची पुढची दोन्ही शिफ्ट लांबते.

बाहेरचा एक सर्व्हिसवाला बोलावला, त्याने मागचं झाकण काढून टॉर्च मारला आणि पंधरा मिनिटांत सांगितलं बोर्ड गेला. कोटेशन बघून ट्रस्टींचे डोळे पांढरे झालेत आणि आता ते मलाच विचारतायत, "खरंच गेलाय का गं?"

अजून एक, याचा त्याच्याशी संबंध आहे की नाही देव जाणे. याच मशीनवर गेल्या पंधरवड्यात दोन पेशंटचं वजन जास्त उतरलं. अडीच लिटर पाणी काढायला लावलं होतं, काट्यावर तीन किलोच्या वर कमी, एकाला शेवटच्या तासात पायात गोळे आले आणि बीपी ९० ला. आधी काट्यावर संशय घेतला. एरवी आमच्याकडे उलटंच असतं, मधे चहा-पोहे चापतात आणि मग वजन का उतरलं नाही म्हणून आम्हाला विचारतात.

बोर्ड गेलाय की नाही कसं ओळखायचं? आणि पीएममधलं आपलं आपण किती करता येतं?

खडकीवाला
सर्व्हिस मोडमध्ये जाऊन कॅलिब्रेशन थोडं वर घ्या, अलार्म बंद होईल. आम्ही केलंय.

बायोमेड_कोथरूड
खडकीवाले, असले सल्ले देऊ नका हो. कंडक्टिव्हिटी मोजणाऱ्या सेलवर थर बसला की रीडिंग खरं असतं त्यापेक्षा कमी दाखवतं, पण डायलायसेट खरंच पातळ असेल आणि तुम्ही रीडिंग वर ओढलंत तर पेशंटला पातळच जातं आणि स्क्रीनवर मात्र सगळं छान. हातातल्या रेफरन्स मीटरने सॅम्पल तपासल्याशिवाय त्या मेनूत शिरायचंच नाही.

ताई, तुमच्याकडे येतो. आधी वजनाचं, कारण मला भीती त्याची वाटते. ते मशीन आजच बाजूला काढा. बॅलन्स चेंबर जेवढं ताजं डायलायसेट आत सोडतं तेवढंच वापरलेलं बाहेर घेतं, आणि पेशंटचं पाणी काढायचं काम यूएफ पंप वेगळं करतो. आता चेंबर आणि डायलायझरच्या (रक्त गाळणाऱ्या नळकांड्याच्या) मधे कुठे थेंब थेंब गळत असेल तर मशीनला ते कळत नाही, ती तूट पेशंटच्या रक्तातून भरून निघते. म्हणजे स्क्रीनवर अडीच आणि प्रत्यक्षात तीन. चार तासांत अर्धा लिटर म्हणजे मिनिटाला दोन मिली, डोळ्याला दिसणार पण नाही. दोन्ही कपलरला (डायलायझरला नळ्या जोडतात ते जोड) कोरडा टिश्यू गुंडाळा आणि वीस मिनिटं रिन्सला लावा.

बोर्डाचं म्हणाल तर बोर्ड गेला असता तर रिन्स मारून दीड तासात बरा झाला असता का? हे सांगा, अलार्म कुठल्या वारी येतो? लॉगबुक काढून बघा.

धायरीकर
पाण्याचं पण बघा ताई. गुरुवारी पाणी बंद असलं की टँकर येतो तो बोअरचा. खडकवासल्याच्या पाण्याला सॉफ्टनर पुरतो, बोअरच्या पाण्याला तोच दोन दिवसांत हात टेकतो. आमच्याकडे आरओच्या मेंब्रेन त्यानेच गेल्या. आता टँकर आला की हार्डनेसची टेस्ट केल्याशिवाय टाकीत पाणी घेत नाही.

सहा_मशीन
सर, लॉगबुक घेऊन बसले. अलार्म नऊ वेळा, त्यातले आठ सोमवारी सकाळी!! आणि मग ट्यूब पेटली. शनिवारी शेवटचा पेशंट ४ नंबरवरच असतो, तो सुटेपर्यंत पावणेनऊ होतात, आमच्या शिफ्टवरच्या मुलाला कात्रजची बस गाठायची असते. विचारलं तर आधी नाही नाही म्हणाला, मग म्हणाला मॅडम कधीकधी रिन्स राहतो. म्हणजे रविवारभर बायकार्ब लाइनमधेच सुकत पडणार. कॅनमध्ये सोडतो त्या दांडीच्या टोकाची जाळी काढली तर दात घासायची पावडर भरून ठेवल्यासारखी पांढरी, फुंकर आरपार जाईना.

आणि टिश्यू. निळ्या कपलरचा ओला झाला. ओ-रिंग काढली तर नखाने दाबली जात नव्हती इतकी कडक, एका जागी चीर, बाजूने मिठाचं कडं साचलेलं. मी रोज तिथे हात लावते हो. मशीन कालपासून बंद ठेवलंय, दोन पेशंट रात्रीच्या चौथ्या शिफ्टला घेतले.

बायोमेड_कोथरूड
चला, सापडलं. दोन्ही कपलरच्या रिंगा बदला, मॅन्युअलमध्ये नंबर असतो तोच घ्या, हार्डवेअरच्या दुकानातली "बसते" म्हणून लावू नका. मग सायट्रिकने हीट डिसइन्फेक्शन, यूएफ टेस्ट, मीटरने कंडक्टिव्हिटी, आणि मगच पेशंट. सायट्रिक रोज करता का? नुसत्या ब्लीचने चरबी-प्रोटीन निघतं, कॅल्शियमचा थर त्याने हलत नाही. फक्त ब्लीच आणि ॲसिड एकामागोमाग घेताना मधे पूर्ण रिन्स, दोन्ही भेटले तर क्लोरीन निघतो. आणि आदल्या दिवशीचा उरलेला बायकार्ब ओतून द्या, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि थर जास्तच बसतो.

अजून एक, डायलायसेटचा फिल्टर कधी बदलता?

सहा_मशीन
तीन महिन्यांनी. स्टिकर लावतो.

बायोमेड_कोथरूड
आमच्या मशीनच्या मॅन्युअलमध्ये १२ आठवडे किंवा १०० ट्रीटमेंट, जे आधी होईल ते, असं आहे. तुमचं मॅन्युअल काढून बघा. तीन शिफ्ट, सहा दिवस म्हणजे आठवड्याला १८, शंभर व्हायला सहा आठवडेही लागत नाहीत. सगळे तारखेचा स्टिकर लावतात आणि ट्रीटमेंट कोणी मोजत नाही.

सहा_मशीन
बघितलं. आमच्यात पण तेच लिहिलंय. नऊ वर्षं!

अपडेट: रिंगा शुक्रवारी मिळाल्या, यूएफ टेस्ट पास, मीटरवर १३.९ आणि स्क्रीनवर १४.०. आज सोमवार, सकाळी सहाला खानापूरचे आजोबा लावले, अलार्म नाही. शनिवारी ४ नंबरला आता दुपारचा पेशंट घेतो आणि रिन्स झाल्याची सही घेते. मुलगा रागावलाय.

आता मिटिंगमध्ये ट्रस्टींना एएमसीचं सांगायचंय. पार्ट धरून असलेली सीएमसी घ्यावी की नुसती एएमसी? नऊ वर्षं जुन्या मशीनला सीएमसी देतात का कोणी? आणि त्या बोर्डाच्या कोटेशनवाल्याचा रोज फोन येतोय, त्याला काय सांगू?