मदत हवी आहे: मराठी इंद्रजाल कॉमिक्सच्या पिना गंजल्यात

मंडळी, बाबांच्या ट्रंकेत मराठी इंद्रजाल कॉमिक्सचे ६३ अंक सापडले. बहुतेक वेताळ (म्हणजे फँटम), थोडे जादूगार मँड्रेक, आणि आबिद सुरतींनी १९७६ मध्ये आणलेला नायक बहादूर. चिपळूणच्या दमट हवेत पिना गंजून मधल्या पानांवर तांबूस डाग पडलेत. एका मुखपृष्ठावरची चिकटपट्टी पिवळी, कडक झालीय. तिला मी हात लावलेला नाही. पिना काढून दोऱ्याने शिवू की तशाच राहू देऊ?

एका दुकानदाराने सगळा गठ्ठा किलोच्या भावाने मागितला, फार वाईट वाटलं. वेताळ मी ठेवणारच, पण दुबार अंक खऱ्या संग्राहकाला द्यायचेत. इंद्रजाल मालिका १९९० मध्ये बंद पडली. मग भाव वर्षावर ठरतो की अवस्थेवर? बाबांनी प्रत्येक अंकावर शाईने नाव लिहिलंय, त्याने किंमत उतरते का? खोडणार तर नाहीच.