‘इच्छास्वातंत्र्य’, ‘स्वेच्छा’ की ‘निवडस्वातंत्र्य’?

प्रश्न: कॉनवे आणि कोचेन या गणितज्ञांच्या २००६ सालच्या ‘फ्री विल थिअरम’वर (प्रयोगकर्त्याची निवड स्वतंत्र असेल तर कणाचं उत्तरही स्वतंत्र, असं सांगणारं प्रमेय) मराठीत लिहितोय. ‘मुक्त इच्छा’ कानाला खटकतं, ‘स्वेच्छा’ म्हटलं की स्वेच्छानिवृत्ती आठवते. तत्त्वज्ञान, गणित, पुंजभौतिकी (क्वांटम फिजिक्स), तिन्हीकडे चालेल असा एकच शब्द आहे का?

प्रतिसाद: एकच शब्द नकोच. ‘स्वेच्छेने’ म्हणजे बळजबरी न होता, बास. ती इच्छा मुळात आली कुठून, हे तिथे कुणी विचारत नाही. तत्त्वज्ञानाचं भांडण नेमकं त्याच्यावर आहे. टिळकांनी गीतारहस्यात यासाठी अख्खं प्रकरण खर्ची घातलं, त्याचं नाव ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’. इच्छा नव्हे, आत्मा! बुद्धी कर्मानुसार चालते म्हटल्यावर इच्छा बांधलेलीच, मोकळा असलाच तर आत्मा.

प्रतिसाद: पाणिनीचं ‘स्वतन्त्रः कर्ता’ (जो स्वतंत्र तो कर्ता) विसरू नका.

प्रतिसाद: ते व्याकरणापुरतं. ‘स्थाली पचति’ (पातेलं शिजवतं) म्हटलं की पातेलंसुद्धा कर्ता! स्वातंत्र्य बोलणाऱ्याच्या विवक्षेत (त्याला काय म्हणायचंय त्यात) असतं, पातेल्यात नव्हे. ‘कण स्वतः निवड करतो’ हे वाक्य मला याच जातीचं वाटतं.

प्रतिसाद: प्रमेयात काय आहे ते आधी पाहू. फिरकी (स्पिन, कणाचा मोजता येणारा एक गुण) १ असलेला कण घ्या. तीन परस्परलंब दिशांत फिरकीचा वर्ग मोजला तर उत्तरं दोनदा १ आणि एकदा ० येतात. आता ३३ दिशा अशा शोधता येतात की प्रत्येक दिशेवर ० किंवा १ आधीच लिहून ठेवायला गेलात तर कुठेतरी हा नियम मोडतोच. म्हणजे ‘या दिशेला हे उत्तर’ अशी तयार यादी कणाजवळ असू शकत नाही. मग गुंफलेल्या (एंटँगल्ड, एकाच दिशेत मोजल्यास उत्तरं जुळणाऱ्या) कणांची जोडी घेऊन, एक कण दूर नेऊन, निष्कर्ष निघतो: दिशांची निवड भूतकाळाचं फलन (त्यावरून पूर्ण ठरणारी गोष्ट) नसेल, तर कणाचं उत्तरही नाही. यातला ‘तर’ सगळे उचलतात, ‘नसेल’ गाळतात. इथे इच्छा नाही, हेतू नाही, पश्चात्ताप तर नाहीच. ‘स्वतंत्र’ म्हणजे ‘आधीच्या माहितीचं फलन नसलेलं’.

प्रतिसाद: मग सरळ ‘यादृच्छिक’ म्हणा की. त्यात इच्छाही आहे!

प्रतिसाद: नाही हो, दिसते तेवढीच. यदृच्छा = यद् + ऋच्छा, इच्छा असती तर ‘यदिच्छा’ झालं असतं. आणि अर्थानेही ‘यादृच्छिक’ पुरत नाही. फासे आधीच टाकून आकड्यांचा तक्ता करून ठेवला, तर तो तक्ता भूतकाळातच जमा होतो, आणि भूतकाळाचं फलन तर प्रमेयाने बाद केलंय. ‘कण नुसता यादृच्छिक वागतो’ या आक्षेपाला कॉनवे-कोचेन यांचं उत्तर हेच होतं.

प्रतिसाद: बेल चाचण्यांसाठी (गुंफलेल्या कणांची जुळणारी उत्तरं आधीच ठरलेली असू शकतात का, हे तपासणारे प्रयोग) मात्र ‘निवडस्वातंत्र्य’ चपखल. मापनाची दिशा आणि कणांची आधीची अवस्था यांचं साटंलोटं नाही, एवढंच गृहीतक. २०१६ मध्ये त्यासाठी सुमारे लाखभर लोकांकडून ० आणि १ दाबून घेतले. २०१८ मध्ये दिशा क्वेसारच्या (अतिदूरच्या दीर्घिकांच्या तेजस्वी केंद्रांच्या) अब्जावधी वर्षं जुन्या प्रकाशावरून ठरवल्या. तिथे तर माणूसच नाही, तरी गृहीतक तेच. अतिनियतिवाद्यांना (मापनाची दिशा आणि कणांची अवस्था दोन्ही एकाच भूतकाळाने ठरवलेल्या, असं मानणाऱ्यांना) अर्थात ‘निवड’ शब्दही मान्य होणार नाही. त्यांचं मत मांडताना नुसतं ‘मापनाची दिशा’ लिहा.